ही होडी नाही

होडीचं नाव न सांगताच कुणी डिझेलची चिठ्ठी मागितली तर मशीनने काय करावं, या प्रश्नावर राहीने अख्खा आठवडा घालवला, आणि त्या आठवड्यात तिच्या हातून भात दोनदा करपला.

"काय गो," दुसऱ्या करपलेल्या भाताला सोनूबाई म्हणाल्या, "सोसायटीत कामाला लागलीस की परीक्षेला बसलीस?"

"आई, एवढंच ठरवायचंय. त्याला काहीच सांगितलं नाही, तर त्याने काय करायचं?"

"तुझा सासरा होता तसा. सांगितला नाय तर कायच करायचा नाय. गप बसून ऱ्हायचा. बरा झाला आमचा संसार."

राहीने पातेलं तसंच खाली ठेवलं आणि कॅलेंडरच्या मागे लिहून टाकलं : नाव दिलं नसेल तर गप्प बसणे. आठवडाभर जे सुचलं नव्हतं ते सासूबाईंनी भात खरवडता खरवडता सांगितलं होतं. ते तिने त्यांना सांगितलं नाही, कारण सोनूबाईंना त्या मशीनचं नावही चालत नसे. त्या त्याला 'डबडा' म्हणत. दोन वर्षांच्या पोरीला सोडून डबड्यासमोर बसायची नोकरी कसली, असा त्यांचा सरळ सवाल होता.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच्या मच्छीमार सोसायटीत संगणक आला होता तो चेअरमन भागोजीशेठ यांच्यामुळे. मुंबईला कुणाच्या तरी ऑफिसात त्यांनी एक पाहिला, आणि परत आले ते ऑर्डर देऊनच. रत्नागिरीत तेव्हा असली मशीनं मोजकीच होती, आणि ती चालवणारी माणसं त्याहून कमी. राही बीएस्सी. लग्नाआधी मुंबईला मामाकडे राहून तिने संगणकाचा कोर्स केलेला. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातले बरेच महिने कुठल्यातरी लांबच्या बंदरात. भागोजीशेठ स्वतः घरी येऊन सोनूबाईंना म्हणाले, "वयनी, सुनेला पाठवा. नायतर ता मशीन आमी काय नारळ फोडून पुजायचा काय?" नारळ त्यांनी आधीच फोडला होता. डाग अजून टेबलावर होता.

मशीन विकणाऱ्या मुंबईच्या माणसाने जाताना दोन-तीन सोप्या आज्ञा लिहून दिल्या होत्या. 'चिठी' असा शब्द टाइप करायचा, पुढे होडीचं नाव, आणि मोठं बटण दाबायचं. त्या होडीला डिझेल मिळायची चिठ्ठी छापून येई. 'पुसा' म्हणून पुढे नाव दिलं की ती होडी मशीनमधून जाई. प्रत्येक होडीची एक फाईल. मागच्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी लवूभाऊ एक विकलेली जुनी होडी काढायला बसले. 'पुसा' असं टाइप केलं, आणि नाव टाकणार तोच चहा आला. कप घ्यायला वळताना कोपर मोठ्या बटणावर पडलं. नाव दिलेलं नव्हतं, तेव्हा मशीनने समजूत करून घेतली की सगळ्याच. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. मिरकरवाड्यातल्या झाडून सगळ्या होड्या पुसून ते पुढच्या हुकमाची वाट पाहत शांत लुकलुकत राहिलं.

राहीने पुढच्या कित्येक संध्याकाळी गंगाला मांडीवर घेऊन एकेक होडी पुन्हा टाइप केली. तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की हे मशीन आणि आपली मुलगी यांच्यात फरक फार नाही. हाती जे येईल ते तोंडात. शेंगदाणा, चपलेचा अंगठा, मुंगळा. हे खायचं आहे का, असा प्रश्न नाही. आणि गंगाच्या बाबतीत राही जे करत आली होती तेच तिने आता मशीनला शिकवलं : तोंडात घालण्याआधी बघायचं. आज्ञा मिळाली की आधी पाहायचं, पुढे नाव दिलंय का. नसेल तर सासरेबुवांसारखं गप्प. दिलं असेल तर पाहायचं, त्या नावाची फाईल खरंच आहे का. नसेल तर तसं पडद्यावर सांगायचं आणि थांबायचं. असली तरच कामाला हात.

अक्षरं इंग्रजी असली तरी भाषा मराठीच ठेवायची, हे ठरलेलं होतं. प्रश्न राहिला तो फाईल नसेल तेव्हाच्या वाक्याचा. राहीने आधी लिहिलं, 'फाईल नाही'. लवूभाऊंनी ते चष्मा वर-खाली करून वाचलं.

"वैनी, फायली कपाटात हायत. दोरीन बांधून ठेवल्यात. मशीनमदी फाईल कुटली?"

"मशीनमधली फाईल म्हणजे... होडीच समजा."

"मग होडी लिवा ना. माणसाला समजंल असा लिवा."

ते राहीला पटलं. तिने 'फाईल' खोडलं आणि लिहिलं, 'ही होडी नाही'.

आता हे नीट चालतं का ते पाहायला हवं. होड्यांच्या फायली ज्या चौकोनी फ्लॉपीवर साठवलेल्या होत्या, तिच्यावर पाहण्याइतकी राही धाडसी नव्हती. तिने एक कोरी फ्लॉपी घेतली आणि तिच्यावर एकच खोटी होडी तयार केली. नाव काय द्यावं असा विचार करण्याआधीच बोटांनी 'गंगा' टाइप केलं होतं. मग तिने मशीनला गंगाची चिठ्ठी मागितली, आली. नसलेल्या होडीची मागितली. 'ही होडी नाही.' काहीच नाव दिलं नाही, गप्प. राहीला इतका आनंद झाला की ती पुनःपुन्हा तेच करत बसली, आणि भिंतीवरचं घड्याळ दुपारच्या जेवणावर आलं तसं तिला एकदम गंगाची आठवण झाली.

दुपारी गंगाला भरवायला ती रोज घरी जाई. घर चढणीवर, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. जाताना होड्यांची खरी फ्लॉपी ती पिशवीत घालून सोबत नेई. लवूभाऊंवर अविश्वास नव्हता. त्यांच्या कोपरावर होता.

त्या दिवशीही तिने फ्लॉपी पिशवीत घातली, कपाट ओढून पाहिलं, खिडकीची खिट्टी पाहिली, पंखा बंद केला. लवूभाऊ पंख्याखाली बसले होते, त्यांनी तो पुन्हा लावला. एकच गोष्ट पाहायची राहिली. मशीनमध्ये गंगाची फ्लॉपी तशीच होती.

ती गेल्यावर थोड्याच वेळात तुळसा आली.

तुळसा म्हणजे होडी चालवणाऱ्या सदू तांडेलाची बायको. मासळीचा लिलाव आटोपून, रिकामी टोपली कमरेवर घेऊन ती सरळ सोसायटीच्या दारात उभी राहिली. सदूची 'वाघजाई' कालच परतायला हवी होती. दोन दिवस वारा पडला नव्हता. धक्क्यावर तो विषय कुणी काढत नव्हतं. दर्यावर गेलेल्या होडीबद्दल मिरकरवाड्यात कुणी 'आली नाय' असं म्हणत नाही, 'यायची हाय' म्हणतात. आणि होडी यायच्या आधीच घरच्या बाईने तिच्या पुढच्या फेरीचं डिझेल सांगून ठेवायचं, बर्फ सांगून ठेवायचा, ही तुळसाच्या सासूपासूनची रीत. पुढच्या फेरीचा बर्फ ज्या होडीचा ठरलाय ती वाटेत कुठे थांबेल?

"लवूभाव, आमच्या वाघजाईची चिठी द्या."

"यायची हाय ना अजून?"

"यायचीच हाय. म्हणून तर मागतंय."

लवूभाऊ मशीनसमोर बसले. कोपरं अंगाला चिकटवून, एका बोटाने, अक्षर शोधत त्यांनी 'चिठी' टाइप केलं, पुढे 'वाघजाई', आणि मोठं बटण दाबलं. मशीनने गंगाच्या फ्लॉपीत पाहिलं. तिथे वाघजाई कुठली असणार?

लवूभाऊ प्रामाणिक माणूस. पडद्यावर आलं ते त्यांनी मोठ्याने वाचलं.

"ही होडी नाही."

तुळसाची टोपली कमरेवरून सुटली.

"नाय म्हंजे?"

"म्हंजे... असा लिवलाय."

"कोणी लिवलाय?"

"मशीनान."

"त्याला काय म्हायत?"

हा प्रश्न लवूभाऊंना अवघड वाटला. मशीनला काय काय माहीत असतं हे भागोजीशेठनी सगळ्या सभासदांना सभेत सांगितलं होतं, आणि सांगता सांगता त्यात बरीच भर घातली होती. "थांब," ते म्हणाले, "दुसरी विचारून बगतो. म्हंजे कळंल, ता बरोबर बोलतंय की नाय." त्यांनी तुळसाच्या दिराची होडी टाकली. 'ही होडी नाही.' शेजाऱ्याची टाकली. नाही. आवाज ऐकून जाळी विणणाऱ्या बायका खिडकीशी आल्या. प्रत्येकीने आपापली होडी पुढे केली.

"आमची बगा."

"नाय."

"आमची? ती तर रातीच गेली."

"ती पण नाय."

"अवो, नीट बगा! धडधाकट गेलीय!"

"मी काय करू बाय? ता नायच म्हणतंय!"

अशा वेळी चेअरमन भागोजीशेठ पान खात आले. खिडकीशी गर्दी पाहून त्यांना वाटलं, मशीनची कीर्ती वाढतेय. लवूभाऊंनी काय झालं ते सांगितलं.

"खुळे काय रे तुमी!" भागोजीशेठ गरजले. "होडी समुद्रात, मशीन टेबलावर. त्याला कुटनं दिसणार? माझी विचार. माझी भैरी सकाळपास्ना समोर बांदलेली हाय. बगूया काय बोलतंय."

लवूभाऊंनी 'भैरी' टाकलं.

"ही होडी नाही."

"बगलात! खोटारडा हाय ता मशीन! ती बगा माझी होडी, तिकडं..." भागोजीशेठनी ऐटीत खिडकीबाहेर हात केला आणि तो तसाच राहिला. धक्क्याला जिथे सकाळपासून भैरी बांधलेली होती तिथे नुसतं पाणी हलत होतं. एक कावळा खुंटीवर बसला होता.

भागोजीशेठच्या तोंडातलं पान थांबलं.

खरं म्हणजे त्यांचे खलाशी भैरीला ठरल्याप्रमाणे थोड्या वेळापूर्वीच बर्फाच्या धक्क्याला घेऊन गेले होते, आणि ते ठरवणारे स्वतः भागोजीशेठच होते. हे त्यांना आठवलंही, पण थोडं उशिराने. तोवर मशीनचा शब्द सगळ्या मिरकरवाड्याने डोळ्यांनी खरा झालेला पाहिला होता.

"अरे, बर्फाला नेलीय ती!" ते ओरडले, पण आता त्यांचं कोण ऐकतं? आणि ओरडता ओरडता ते स्वतःच बर्फाच्या धक्क्याकडे चालू लागले. चालू कसले, पळू लागले. ते पाहून जी एक-दोन माणसं अजून शहाणी होती तीही घाबरली.

"मग एक पण होडी नाय काय त्यात?" कुणीतरी विचारलं.

मशीनमधल्या सगळ्या नावांची यादी कशी काढायची तेवढं राहीने लवूभाऊंना शिकवलं होतं. त्यांनी ती काढली. पडद्यावर एकच नाव आलं.

"गंगा," लवूभाऊ म्हणाले. "एकटी गंगा हाय."

"गंगा कोणाची?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मिरकरवाड्यात गंगा नावाची होडी कुणाचीच नव्हती.

इकडे राहीने गंगाला शेवटचा घास भरवून तोंड पुसलं आणि घास खरंच गिळलाय ना ते गालात बोट घालून पाहिलं, तेवढ्यात चढणीवरून लवूभाऊ धावत येताना दिसले. पायात चपला नव्हत्या. मागे आठ-दहा बायका. गंगा समोर बसलेली होती, धडधाकट होती, ढेकर देत होती. तरी राहीने आधी तिला उचललं आणि उलटसुलट करून कुठे लागलं नाही ना ते पाहिलं.

"वैनी!" लवूभाऊ अंगणात कोसळलेच. "सगळ्या होड्या गेल्या!"

"कुठे गेल्या?"

"कुटं न्हाय गेल्या. नायतच! मशीन सांगतंय. सगळ्या मिरकरवाड्यात एकटी गंगा हाय."

"गंगा इथे आहे."

"कोणाची होडी ती?"

"होडी नाही हो, ही गंगा! माझी मुलगी!"

लवूभाऊंनी गंगाकडे पाहिलं. गंगाने त्यांच्याकडे पाहिलं.

"मग ती मशीनमदी कशी गेली?" मागून एक बाई म्हणाली.

राहीच्या डोक्यात सगळं एकदम जागच्या जागी बसलं. आत जाऊन तिने पिशवी उघडली. पिशवीत रुमाल होता, छत्री होती, औषधाची बाटली होती. फ्लॉपी नव्हती.

"आई! माझ्या पिशवीतलं ते काळं, चौकोनी..."

"पोरीन काडलान भायर. तोंडात घालीत होती. मी घेतला काडून." सोनूबाई शांतपणे म्हणाल्या. "दुधाला झाकण नव्हता. मांजर फिरत्येय. ठेवलाय दुधावर."

राही चुलीपाशी धावली. दुधाच्या पातेल्यावर, कडांना बरोबर पुरून, मिरकरवाड्याच्या सगळ्या होड्या ठेवलेल्या होत्या.

कागदी पाकिटात होती एवढं नशीब. पाकिटाला सायीचं गोल कडं उमटलं होतं. फ्लॉपी थोडी कोमट लागली. राहीने ती पदरात धरली, अंग भाजलेल्या पोराला धरावं तशी, आणि उतरणीला लागली.

सोसायटीच्या पायरीवर तुळसा बसली होती. ती रडत नव्हती. टोपली तिने उचललीही नव्हती. राही तिच्यासमोर वाकली.

"तुळसाबाय, होडी नाही असं नाहीय ते. त्याच्यात फाईल नव्हती. चुकीची फ्लॉपी राहिली होती आत, माझीच चूक. होडीचं आणि त्याचं काही..."

"फाईल नव्हती?"

"हो."

"मग होडी कशाला लिवलीस?"

नाव दिलंय का, फाईल आहे का, सगळं राहीने तपासलं होतं. फक्त ते वाक्य वाचायची वेळ कुणावर येईल आणि तेव्हा त्या माणसाची होडी कुठे असेल, हे तपासायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती आत गेली. गंगाची फ्लॉपी काढली, दुधाच्या वासाची घातली. मशीन कण्हलं. असं ते कधी कण्हत नसे. खिडकीतल्या बायका आणखी आत वाकल्या. राहीने 'चिठी वाघजाई' टाइप केलं आणि मोठं बटण दाबलं. आतली चकती फिरली, अडली, पुन्हा फिरली. पडदा काही बोलेना. तेवढ्या वेळात राहीने मनातल्या मनात गावदेव भैरीबुवाला नारळ बोलला, आणि मग लक्षात येऊन दुसरा बोलला, कारण पहिला तिने फ्लॉपीसाठी बोलला होता, होडीसाठी नाही.

छपाईचं यंत्र खरखरायला लागलं.

राहीने चिठ्ठी फाडून बाहेर आणली. तुळसाने हात पुढे केला नाही.

"हाय म्हणतंय?"

"चिठ्ठी आली."

"चिठी दिसत्येय मना. हाय म्हणतंय काय?"

राहीने दाराची कडी कधी हलवून पाहिल्याशिवाय लागली म्हटलं नव्हतं. गंगाला ताप नाही हे हात, मग गाल, मग थर्मामीटर लावल्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. समुद्राकडे तिने एकदा पाहिलं. लांबवर काहीच दिसत नव्हतं.

"आहे," ती म्हणाली.

तुळसाने चिठ्ठी घेतली, कमरेला खोचली, टोपली उचलली आणि बर्फ सांगायला गेली.

वाघजाई संध्याकाळी आली. इंजिनाचा पट्टा तुटला म्हणून सदू तांडेलाने तिला वाटेतल्या बुरोंडी बंदराला लावली होती. पट्टा काल दुपारीच बसला होता. पण बुरोंडीत त्याची मावशी, मावशीकडे वडे आणि कोंबडी, आणि मावशी म्हणाली, जेवल्याशिवाय जायचं नाही, मग म्हणाली, जेवल्यावर लगेच जायचं नाही. सदूने मोठ्या मनाने थोडे वडे बायकोसाठीही आणले होते. धक्क्यावर पाय ठेवताच त्याने ते पुढे केले.

"मेल्या," तुळसा म्हणाली, "मशीन खरा बोलत होता. तुला काय घर हाय? नायच तुला घर!" मग ती धक्क्यावरच खाली बसून रडली, आणि रडता रडता तिने एक वडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी भागोजीशेठनी मशीनपुढेच सभा भरवली. त्यांची भैरी बर्फाच्या धक्क्याला सुखरूप सापडली होती, पण पळताना त्यांचा गुडघा फुटला होता.

"राहीबाय, तुमी शिकलेल्या. पण दर्यावरच्या होडीला नाय म्हणायचा नाय. आमच्या बापजाद्यांनी कधी म्हटला नाय. ता मशीन मुंबयचा हाय, त्याला रीत म्हायत नाय. तुमाला म्हायत हाय."

"बरोबर आहे. मी 'फाईल सापडली नाही' असं करते."

"त्यात पण नाय हाय."

"मग काय लिहू?"

भागोजीशेठनी तुळसाकडे पाहिलं. तुळसाला विचार करावा लागला नाही.

"येईल, लिव."

राहीने तसं लिहिलं. फाईल नसली की पडद्यावर आता हिरव्या अक्षरांत एवढंच उमटे : 'येईल.'

त्याचा पहिला परिणाम लवूभाऊंवर झाला. दोन दिवसांनी राही जेवून परत आली तेव्हा ते छपाईच्या यंत्रासमोर हाताची घडी घालून बसले होते. मशीन रिकामंच होतं, फ्लॉपी राहीच्या पिशवीत होती.

"लवूभाऊ, काय करताय?"

"चिठीची वाट बगतोय. येईल म्हणतंय."

"केव्हापासून?"

"तुमी गेल्यापास्ना."

मग राहीने आणखी एक तपासणी घातली, ती फ्लॉपीच आत नसेल तर काय करायचं त्याची. लवूभाऊंच्या कोपराचीही काही व्यवस्था करता येईल का, याचा ती अजून विचार करत होती.

दुसरा परिणाम तिने धरला नव्हता. बायका येऊ लागल्या. चिठ्ठी नको असायची. टोपली बाहेर ठेवून आत यायच्या, पदराने टेबलाची कड पुसायच्या आणि म्हणायच्या, "आमची विचार गो जरा." फाईल असली तर राही म्हणे, आहे. फ्लॉपी कुरकुरून फाईल मिळाली नाही तर मशीन म्हणे, येईल. दोन्हीपैकी काहीही चाले. बायका समाधानाने उठून जात. राहीने पहिल्यांदा प्रत्येकीला समजावून सांगितलं, की याला समुद्रातलं काही कळत नाही. "ता म्हायत हाय आमाला," एक म्हातारी म्हणाली, "तू विचार."

आणि एका दुपारी, राही घरी निघायच्या आतच, सोनूबाई दारात उभ्या. काखेत गंगा, हातात स्टीलचं नवं झाकण.

"ह्या तुझ्या त्या काळ्यावर ठेव. धूळ बसत्ये."

"आई, त्याच्यावर झाकण नाही ठेवायचं..." राहीने झाकण घेतलं आणि फ्लॉपीच्या डब्यावर ठेवलं. ते बसलं नाही. सोनूबाई खुर्चीत टेकल्या. इकडचं तिकडचं पाहिलं. नारळाचा डाग नखाने खरवडून पाहिला.

"दोन म्हयने झाले. पत्र नाय त्याचा," त्या डाग खरवडतच म्हणाल्या.

"पत्राला वेळ लागतो आई. बोट लांबच्या बंदरात असेल."

"ता मना म्हायत हाय. विचार."

"आई, याच्यात फक्त आपल्या इथल्या होड्या आहेत. मालवाहू बोटी..."

"विचार म्हटला ना."

आता नाव टाकायला हवं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर राहीने ते तोंडाने कधी घेतलं नव्हतं, सासूबाईंच्या देखत तर नाहीच. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सोनूबाईंनी समंजसपणे तोंड खिडकीकडे फिरवलं. राहीने एकेक अक्षर शोधत, हे बटण आपल्याला आयुष्यात पहिल्यांदाच दिसतंय अशा तऱ्हेने, 'विठू' टाइप केलं आणि मोठं बटण दाबलं.

मशीनने नाव दिलंय का ते पाहिलं. दिलं होतं. मग त्या नावाची फाईल आहे का ते पाहिलं.

"काय म्हणतंय?" सोनूबाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या.

राही पडद्याकडे पाहत होती. तो शब्द तिनेच लिहिलेला होता. कुठल्या ओळीवर आहे, केव्हा उमटतं, का उमटतं, सगळं तिला ठाऊक होतं. तरी तो वाचायला तिला थोडा वेळ लागला.

"येईल म्हणतंय."

"कधी?"

"आई, तेवढं नाही त्याला सांगता येत."

"मग शिकव त्याला," सोनूबाई गंगाला सावरत उठल्या. "उगाच नोकरी करतंस काय? आणि दुपारची घरला धावत येव नको. पोरीला मी भरवतंय. तू बस हितंच."

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या, परत आल्या, आणि पडद्याकडे बोट केलं.

"एकदा परत विचार. खात्री केलेली बरी."

राहीने परत विचारलं.